पीठ, तंबाखू आणि वाटीभर दूध

अहो, ऐकलंत का? जरा इकडे, भिंतीजवळ या. आणि हळू बोला हं, लाल गेटवाल्या काकू ओट्यावरच बसल्यात गहू निवडत. मान खाली आहे, पण कान आपल्याकडेच.

त्या दिवशी सकाळी त्यांच्याकडे जे झालं ते तुम्हाला कळलं असेलच म्हणा, सगळ्या लाइनीला कळलंय. पण तुम्हाला अर्धंच कळलं असणार, तुमच्या कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. मी होते इथेच, तुळशीला पाणी घालत. तुळस भिजून वाहायला लागली तरी घालतच होते!

त्यांचा तो दुधीचा वेल नाही का, मागच्या पत्र्यावर चढवलाय? त्याच्या पानांवर सगळं पांढरं पांढरं. कोणी वरून पिठाची चाळणी झटकावी ना, अगदी तस्सं. काकूंनी पान बघितलं, बोट फिरवलं, बोटाला पांढरं लागलं. झालं! सूनबाई बिचारी नाइट शिफ्ट करून आलेली, अजून कंपनीचं आयकार्ड गळ्यात, आणि ह्यांनी दारातच गाठलं. "पीठ चाळून चाळणी वेलावर झटकतेस का गं? चार पावलं चालायला पाय दुखतात?" सून बघतच राहिली. म्हणाली, "आई, आपल्याकडे महिनाभर चाळणी खाली आलीच नाहीये. पीठ तयारच आणतो आपण." अहो, काकूंचा चेहरा! पण त्या कसल्या हार मानतात. "मग हे काय, आभाळातून पडलं?"

आता खरं सांगू? आभाळातूनच पडलं म्हणायचं. भुरी हो, भुरी! नाशिकमध्ये राहून भुरी ओळखता येऊ नये? दिंडोरीत, निफाडला द्राक्षवाल्यांची शेंबडी पोरंसुद्धा सांगतील, डाऊनी रोगाला मोरचूद आणि भुरीला गंधक. पण काकू पडल्या अंबडच्या, एमआयडीसीच्या कडेला जन्म गेला. त्यांना वाटलं पीठ. आणि पीठ वाटलं म्हणून त्यांनी काय केलं असेल? ओलं फडकं घेतलं आणि एकूण एक पान पुसलं. आधी रोगट, मग त्याच फडक्याने चांगलं. चार दिवसांत जी मोजकी हिरवी पानं उरली होती ती पण पांढरी. बुरशीची बीजं ती, वाऱ्यावर उडतात, फडक्याला चिकटून तर चैनीत जातात. आणि ह्या भुरीची खोड अशी की तिला करप्यासारखं पान ओलं लागत नाही. रात्री गारवा, सकाळी जरा दमट, दिवसा कोरडं ऊन की खूश. म्हणजे आपला मार्गशीर्षच!

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही हं. समोरचे ते कृषी खात्यातून रिटायर झालेले काका आहेत ना, त्यांनी सांगितलं. त्यांना कोणी बोलावलं ते मात्र विचारू नका. म्हणजे... मीच बोलावलं. अहो, सुनेची दया आली मला.

तर काय सांगत होते, काका आले. खिशातून भिंग काढलं. हा माणूस औषधाचं नावच घेत नाही हो आधी! पहिलं वाक्य काय, तर "पान उलटं करा." काकू म्हणाल्या, वर दिसतंय की. तरी हे आपले, "पान उलटं करा." पान उलटं केलं, खालूनही पीठ. मग म्हणाले, जास्त भरलेली पानं कापा, पिशवीत बांधा, कचऱ्याच्या गाडीत द्या, खताच्या ड्रममध्ये टाकू नका. आणि उरलेल्यांवर दूध मारा.

दूध! काकूंच्या हातातलं सूप थांबलं. "अहो भाऊजी, दूध? वेलाला? इथे नातवाला पुरत नाही!"

काका शांत. एक वाटी दुधाला नऊ वाट्या पाणी, सकाळच्या उन्हात फवारायचं, आठवड्यातून एकदा, आणि पानाच्या दोन्ही अंगांना. ब्राझीलमध्ये कोणा बेट्टिओल नावाच्या शास्त्रज्ञाने १९९९ साली हे दुधी-भोपळ्याच्याच कुळातल्या झुकिनीवर करून छापलंय म्हणे. आपल्या आज्या आंबट ताक शिंपडायच्या, त्यांचं कोणी छापलं नाही, एवढाच फरक. सून हळूच म्हणाली, "परवाचं ताक आहे, फ्रीजमध्ये." काकांनी मान हलवली, चालेल म्हणाले, पातळ करून गाळून घ्या. काकूंना मात्र ब्राझीलच पटलं. आज सकाळी वर्गणी मागायला आलेल्या मुलांना सांगत होत्या, "आमच्याकडे ब्राझीलची ट्रीटमेंट चालू आहे." आणि सुनेला? सॉरी वगैरे? छे! फक्त त्या संध्याकाळी चहा काकूंनी केला. आमच्या लाइनीत यालाच सॉरी म्हणतात.

पण ही तर सुरुवात हो. खरी गंमत कोपऱ्यावरच्या वहिनींकडे झाली.

त्यांचं माहेर निफाडकडचं, भावाची चार एकर द्राक्षं. त्यामुळे बागेतलं काहीही निघालं की "माझा भाऊ सांगतो" सुरू. वहिनींच्या टोमॅटोवर मागच्या महिन्यात डाग आले. तपकिरी, आत गोल गोल वळ्या, नेमबाजीच्या चकतीसारख्या. खालच्या पानांवर आधी, मग वर चढत गेले. तो करपा. एवढं बरोबर ओळखलं वहिनींनी, मानलं मी. मग फोन गेला भावाला, आणि भावाने सांगितलं बोर्डो मार.

आता बोर्डो कोणाला ठाऊक नाही आपल्याकडे? पण त्याची जन्मकथा ऐकलीत का? काकांनी सांगितली आणि मला इतकी आवडली म्हणून सांगू! फ्रान्समध्ये बोर्डो म्हणून गाव, सगळी द्राक्षंच द्राक्षं. आणि येणारेजाणारे चोर! रस्त्याकडेची द्राक्षं कोणी तोडू नयेत म्हणून तिथल्या मळेवाल्यांनी वेलांवर मोरचूद आणि चुना कालवून शिंपडला, निळंहिरवं विषारी दिसावं म्हणून. तिथून मिलार्दे नावाचा प्रोफेसर चालला होता. त्याने बघितलं, आतले सगळे वेल डाऊनीने झडलेत आणि हे रस्त्याकडेचे चोरांच्या भीतीने रंगवलेले तेवढे टवटवीत! १८८५ साली त्याने ते जगाला सांगितलं. म्हणजे बघा, चोर नसते तर आपल्या पिंपळगावची द्राक्षं वाचली नसती. मी हे आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणतात, तुझ्यासारखी कोणीतरी डोकावून बघणारी हवी होती तिथे. घ्या!

हां, तर वहिनी. भावाने सांगितलं, एक टक्का कर, शंभर लिटरला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना. वहिनींच्या डोक्यात काय राहिलं? एक किलो, एक किलो. शंभर लिटर गेलं वाऱ्यावर. दहा लिटरच्या बादलीत किलो किलो ओतलं की हो! शंभर शंभर ग्रॅमचं काम. आणि मोरचूद कशात भिजवला? लोखंडी घमेल्यात! अहो, मोरचूद लोखंडाला खातो आणि आपलं तांबं त्यावर चढवतो. सकाळी घमेलं आतून लालेलाल. वहिनींना वाटलं, वा, फुकटात कल्हई झाली. प्लॅस्टिकची बादली घ्यायची, दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, मग एकत्र ओतायचं आणि स्वच्छ लोखंडी खिळा बुडवून बघायचा. खिळा लाल झाला की चुना कमी पडला, अजून घाला. आणि केलं की त्याच दिवशी संपवायचं. हे सगळं काकांनी नंतर सांगितलं. नंतर म्हणजे वहिनींची दोन झाडं भाजून काढल्यासारखी झाल्यावर. करपा गेला हो, पान पण गेलं.

बरं, तेवढ्यावर भागलं असतं. पण त्यांच्या धाकट्या दिराने वर सुचवलं, मळ्यातलं ते कडक औषध मागवू का, एका थेंबात सगळं साफ. तेव्हा मात्र मी काकांना पहिल्यांदा चिडलेलं बघितलं. म्हणाले, संध्याकाळी तोडून रात्री भाजी करणार ना तुम्ही? मळ्यातल्या औषधाला फवारणी ते तोडणी किती दिवस थांबायचं ते ठरलेलं असतं. मोनोक्रोटोफॉस तर भाजीपाल्यावर मारायला २००५ पासून बंदी आहे, तरी लोक हळूच विचारतात. आणि २०१० साली आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते ते विसरलात का, म्हणाले, तेही असल्याच उरलेल्या अंशापायी. दीर गप्प. मोबाइल काढून काहीतरी बघत बसला. मोबाइल बंद होता हो, मी बघितलं.

आता या, अजून जवळ या. हे खरं गुपित.

करप्यातून वाचलेली वहिनींची जी चार झाडं, त्यांची पानं वेगळीच दिसायला लागली. कुठे गर्द हिरवं, कुठे फिकट, ठिगळं लावल्यासारखी. शेंड्याची पानं तर बारीक, लांबट. आणि तसंच जिन्याखालच्या मावशींकडे. तसंच लाल गेटवाल्यांच्या दोन डब्यांत. तसंच त्या नवीन भाडेकरूंकडे, ज्यांनी कंपनीतले वीस लिटरचे रिकामे डबे धुऊन इतक्या हौसेने टोमॅटो लावले. प्रत्येकाचा संशय प्रत्येकावर. वहिनी म्हणाल्या, रोपं मावशींनी दिली. मावशी म्हणाल्या, माती वहिनींच्या भावाच्या ट्रॅक्टरमधून आली. काकू म्हणाल्या, कोणीतरी दृष्ट लावली. भाडेकरूचा मुलगा म्हणाला, तिरंगा व्हायरस!

तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरले. २०२० आठवतं ना? आधीच कोरोना, सगळे घरात, आणि मे महिन्यात टीव्हीवर सुरू झालं की संगमनेर, अकोले, जुन्नर, आपल्याकडेही टोमॅटोवर तिरंगा व्हायरस आलाय. फळावर लाल-पिवळे-हिरवे पट्टे. लोकांनी टोमॅटो खाणं सोडलं. मी स्वतः किलोभर टोमॅटो टाकून दिले, आता सांगायला लाज वाटते. नमुने बंगळूरच्या उद्यानविद्या संस्थेत गेले, तर निघाला काकडीवरचा मोझॅक, मावा पसरवतो तो. माणसाला त्याचं काही होत नाही. झाडाचा व्हायरस झाडापुरता. पण नुकसान कोणाचं झालं? शेतकऱ्याचं.

तर काय सांगत होते... हां, काका. त्यांनी भिंग नाही काढलं यावेळी. फक्त चालत गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोणाची झाडं खराब, कोणाची चांगली, बघत. आणि मग विचारलं, "सकाळी या बाजूने फिरायला कोण जातं?"

आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

वहिनींचे सासरे! आप्पा! अहो, आप्पांना कोण ओळखत नाही. सकाळी सहाला डोक्याला मफलर गुंडाळून निघतात, तळहातावर तंबाखू-चुना मळत. आणि ज्याच्या भिंतीवरून टोमॅटो दिसला त्याची बगलफूट खुडत जातात. खोडाच्या आणि पानाच्या बेचक्यात फुटतो ना तो कोंब, तो काढला की फळ मोठं लागतं, हे आप्पांचं शास्त्र. खरं आहे ते. पण बोटं तंबाखूची! काका म्हणाले, जगात सगळ्यात पहिला सापडलेला व्हायरस कुठला? तंबाखूच्या पानावरचा मोझॅक. रोगट पानाचा रस चिनी मातीच्या बारीक गाळणीतून गाळला तरी त्याने रोग होतोच, म्हणजे बॅक्टेरियापेक्षाही बारीक काहीतरी आहे. १८९८ साली हॉलंडच्या बायरिंकने त्याला व्हायरस म्हटलं. तो वाळलेल्या तंबाखूत वर्षानुवर्षं टिकतो, बोटावरून, कात्रीवरून टोमॅटोत शिरतो, मिरचीत शिरतो. आणि एकदा एका झाडाचा रस बोटाला लागला की मग तंबाखूचीही गरज नाही. या झाडावरून त्या झाडावर, भिंतीमागून भिंत.

आप्पा मागेच उभे होते हो. सगळं ऐकलं त्यांनी. तोंडातली गोळी गालात तशीच धरून. थुंकता येईना, गिळता येईना. मला इतकं वाईट वाटलं... आणि हसू पण आलं, खोटं कशाला बोलू.

काका भले माणूस. लगेच म्हणाले, मी छातीठोक सांगत नाही, व्हायरसचं नाव लॅबशिवाय घेऊ नये, कदाचित बियाण्यातूनही आला असेल. पण हात धुवा. साबणाने, कोपरापर्यंत. आणि रोपांना हात लावण्याआधी बोटं दुधात बुडवा, साय काढलेल्या. दुधातली प्रथिनं त्या व्हायरसला धरून ठेवतात. नर्सरीवाले करतात असं.

परत दूध! लाल गेटवाल्या काकू म्हणाल्या, "या गल्लीत आता चहा काळाच प्यायचा वाटतं."

आणि झाडं? व्हायरसला औषध नाही. उपटायची. वहिनी रडल्या हो. खोटं नाही, डोळ्यांना पदर. एकेका झाडाला बावीस-बावीस हिरवे टोमॅटो. मग त्यांनी सगळ्या हिरव्यांची चटणी केली, तीळ, लसूण, शेंगदाण्याचा कूट घालून, आणि घरोघर वाटीत पाठवली. कोणी तोंडाला लावीना! वाट्या ओट्यावर झाकून. शेवटी काकांनी सगळ्यांसमोर भाकरीबरोबर खाल्ली, वर अजून मागितली, तेव्हा कुठे बाकीच्यांचे हात पुढे झाले. चटणी चांगली होती. मीठ जरा जास्त, पण वहिनींच्या हातचं मीठ आपल्याला माहीतच आहे.

आता आप्पा सकाळी निघतात ते एका हातात दुधाची वाटी घेऊन. मागे लाइनीतली दोन मांजरं. बगलफूट खुडायची परवानगी मिळाली आहे, फक्त आधी वाटी. तंबाखू मात्र सुटलेली नाही. वहिनी म्हणतात, टोमॅटोसाठी सोडली असती तर आम्ही अख्खं शेत घेतलं असतं.

जिन्याखालच्या मावशींची दुसरी तक्रार तर रोगबिग नव्हतीच हो. टोमॅटोची बुडं काळी पडत होती, त्यांनी दोन फवारण्या करून टाकल्या. काकांनी विचारलं, पाणी रोज घालता? तर त्या आठ दिवस वणीला गडावर आणि तिथून लेकीकडे. आधी कोरडं ठाक, मग आल्या आल्या बादलीभर. पाण्याचा असा उपासतापास झाला की कॅल्शियम फळाच्या बुडापर्यंत पोचत नाही. रोज थोडं पाणी, बुडाशी, पानावर नाही. संपलं औषध.

काय म्हणता? माझी मिरची?

कोणी सांगितलं तुम्हाला? काकूंनीच ना! तरी म्हटलं कान इकडे का आहेत. अहो, बोकड्या आलाय थोडासा. पानं आक्रसलीत, एवढंच. दसऱ्याला मी सगळ्यांना रोपं वाटली तेव्हा नव्हता हो! म्हणजे... एका रोपाचं पान जरा वाकडं होतं, मला वाटलं थंडीने. आता तुमच्यापासून काय लपवायचं, मी काकांना नाही विचारलं, लाज वाटली. किसान कॉल सेंटरला फोन लावला, १८००-१८०-१५५१, फुकट लागतो, मराठीत बोलतात. तिकडचा मुलगा म्हणाला, ताई, किती एकर? मी म्हटलं, चार डबे. हसला नाही हो बिचारा! उलट विचारलं, पान वर वळलंय की खाली? वर होडीसारखं वळलं तर फुलकिडे, खाली वळलं तर कोळी, आणि झाड हलवल्यावर पांढरं काही उडालं तर पांढरी माशी, ती व्हायरस आणते. मी हलवलं. उडालं. पोहे पाखडताना भुसा उडतो तसं.

मग काय, दोन झाडं उपटली रात्रीच, कोणी बघू नये म्हणून. राहिलेल्यांना निंबोळी अर्क. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीचा चुरा रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून, संध्याकाळी, पानाच्या खालून. आणि पिवळ्या प्लॅस्टिकच्या ताटलीला ह्यांनी कंपनीतलं ग्रीस फासून काठीला बांधलंय, माश्या येऊन चिकटतात. तुम्ही ती बघून विचारलं होतं ना, हे काय, आणि मी म्हटलं दृष्ट लागू नये म्हणून? तर ते ग्रीस.

ती दसऱ्याची मिरची तुमच्याकडे पण आहे ना एक? आणि वांगं तिच्या शेजारीच लावलंत तुम्ही. उद्या कोथिंबिरीला येईन ना तेव्हा बघते. हात धुऊन येईन, शपथ. पण तुम्ही आजच्या आज त्या वांग्याचं एक पान उलटं करून बघा हो, मला इथून काहीतरी पांढरं दिसतंय.